पोडाचा आवाज ग्रामसभेत

ह्या आठवड्याच्या पाठात आपणांस एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ज्यांची संख्या थोडी, त्यांचे म्हणणे गावाच्या कारभारात कसे पोहोचावे? मत प्रत्येकास आहे हे खरे. परंतु जेथे हात वर करून निर्णय होतो, तेथे चाळीस घरे चारशे घरांपुढे नेहमीच उणी पडतात. मग त्या चाळीस घरांसाठी विहीर कोणी मागावी?

उदाहरणासाठी दूर जावयास नको. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी जामणी इत्यादी तालुक्यांत कोलाम लोक राहतात. त्यांच्या वस्तीस पोड म्हणतात. पोड बहुधा मुख्य गावापासून निराळे असते. त्यास आपला नाईक व आपली चावडी असते, आणि तेथे बसून तंटे मिटविण्याची जुनी रीत आहे. त्यांची कोलामी भाषा मराठीच्या कुळातील नव्हे, गोंडी-तेलुगूच्या कुळातील आहे. म्हणून चावडीवर जो शहाणा गणला जातो, तोच मोठ्या गावच्या सभेत मागे बसतो व न बोलता उठून जातो. हा दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे.

कायद्याने ह्यावर दोन उपाय योजिले आहेत. पहिला राखीव जागांचा. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत अनुसूचित जाती-जमातींस लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात निदान निम्म्या जागा व सरपंचपद जमातींकरिता राखून ठेविले. परंतु जमाती म्हटल्या म्हणजे गोंड, परधान, आंध, कोलाम असे अनेक आले. त्यांत ज्याची संख्या अधिक, त्याचाच मनुष्य निवडून येण्याचा संभव अधिक. थोडक्यांतही थोडके असतात, हे विसरू नये.

दुसरा उपाय अधिक खोल आहे. पेसा कायद्याप्रमाणे जी वस्ती आपला कारभार आपल्या रूढीने चालविते, तीच गाव होय. मग ती पोड असो वा पाडा. राज्याच्या २०१४ च्या नियमांन्वये अशा वस्तीस ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे स्वतःच्या ग्रामसभेची मागणी करता येते. शिवाय आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींस थेट देण्याचे राज्याने २०१५ साली ठरविले, आणि तो कशावर खर्चावा हे ग्रामसभेने ठरवावयाचे असते. म्हणजे विहिरीचा प्रश्न चावडीवर, आपल्या भाषेत, मांडता येतो.

तथापि ह्या तालुक्यांतील सर्वच गावे अनुसूचित क्षेत्रात नाहीत. आपले गाव त्यात आहे की नाही, हे प्रथम ग्रामसेवकास विचारावे. सभा भरल्यावर तिचे इतिवृत्त मोठ्याने वाचून घ्यावे. वाचून दाखविल्याशिवाय वहीवर अंगठा उठवू नये. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची निराळी सभा भरविण्याची तरतूदही आहे. तीही चुकवू नये, कारण पाण्याचे हाल स्त्रियांइतके कोणास ठाऊक?

हा पाठ आपल्या मंडळ्यांसही लागू आहे. १९४९ साली घटनासमितीने धर्मावरून जागा राखण्याचा बेत सोडून दिला, आणि समितीचे ख्रिस्ती सभासद हरेंद्रकुमार मुखर्जी त्याच मताचे होते. म्हणून ख्रिस्ती ह्या नात्याने आपणांस राखीव जागा नाही. आपली वाट शेजाऱ्यांबरोबर सभेत बसण्याची, आणि ज्यास वाचता येते त्याने न येणाऱ्यास वाचून दाखविण्याची आहे. आपणही थोडके आहोत. तेव्हा आपल्याहून थोडक्या असणाऱ्यांस बोलावयास जागा करून देणे, हे इतरांआधी आपले काम आहे.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न:
१. आपल्या गावच्या मागील ग्रामसभेत कोण बोलले नाही? का?
२. राखीव जागा असूनही एखादी वस्ती मुकी कशी राहते?
३. पुढील सभेचे इतिवृत्त कोण वाचून दाखवील?