फटफटीचा स्वार: भवानीनगरच्या वाटेवर व लंडनच्या रस्त्यावर

मोटारसायकलीस आमच्या बालपणी इंदापुराकडील वृद्ध मंडळी फटफटी म्हणत. गावात ती दोन-चार घरीच असे, आणि लांबून आवाज आला की कोण येत आहे हे न पाहताच कळे. आज बारामतीच्या भिगवण रस्त्यावर सायंकाळी उभे राहून पाहावे, तो दुचाकींची रांग तुटत नाही. आमच्या शाळेतून बाहेर पडणारे कित्येक विद्यार्थी पुण्यास जातात; काही त्याही पलीकडे, परदेशी मोठ्या शहरी जातात आणि तेथेही त्यांना हेच वाहन परवडते. सबब प्रस्तुत विषय पाठ्यपुस्तकात नसला तरी विद्यार्थिवर्गापुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

आरंभी माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी गाळपाच्या हंगामात मी रात्री बारामतीहून भवानीनगरच्या वाटेने येत होतो. वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माझ्या मते बेताचाच. समोरून आलेल्या मोटारीच्या दिव्यांनी डोळे दिपले. ती निघून गेली आणि पाहतो तो अगदी पुढ्यात उसाने भरलेली, चाकास दगड लावून उभी केलेली ट्रॉली! मागे ना दिवा, ना लाल पट्टी. ब्रेक दाबला, परंतु अंतर उरले नव्हते. बाहेर लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यांवर आदळून मी खाली आलो. गळ्याजवळचे हाड मोडले. शिरस्त्राणास भेग पडली, डोके शाबूत राहिले. ट्रॉलीवाल्याचा अपराध होताच. तथापि अंथरुणात पडल्या पडल्या जो हिशेब केला, त्यात माझा अपराधही स्पष्ट दिसला.

तो हिशेब असा. संकट दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत गाडी धावतच असते, आणि ब्रेक लागल्यावरही काही अंतर घसटत जाते. ब्रिटनच्या वाहतूक-नियमपुस्तिकेत ही दोन्ही अंतरे दिली आहेत. ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर वेगास ६ मीटर विचारात व ६ मीटर ब्रेकमध्ये जातात, एकूण १२. वेग दुप्पट केला, म्हणजे ६४ किलोमीटर झाला, की विचाराचे अंतर दुप्पट, १२ मीटर होते, पण ब्रेकचे अंतर चौपट, २४ मीटर होते, एकूण ३६. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण वर्गात फळ्यावर लिहितो आणि रस्त्यावर विसरतो. हे आकडे कोरड्या रस्त्याचे होत. ओल्या रस्त्यावर अंतर आणखी वाढते. डोळे दिपलेल्या मला त्या क्षणी दहा मीटरही दिसत नव्हते. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल, एवढाच आपला वेग असावयास पाहिजे होता.

आता परदेशाकडे वळू. इंदापूर तालुक्यातील माझा एक माजी विद्यार्थी लंडनमध्ये स्कूटर शिकला. तेथे १९९० पासून नवशिक्यास सक्तीचे प्राथमिक शिक्षण घेतल्यावाचून एकट्याने रस्त्यावर जाता येत नाही, आणि त्यात निदान दोन तास शिक्षकासह प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवावी लागते. त्याने मला लिहिले, “सर, येथे पहिल्या दिवशी माझा हॉर्नवरचा अंगठा सोडविण्यातच वेळ गेला.” मला हसू आले, पण गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपण वळणावर हॉर्न वाजवितो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. किंबहुना आपण कानांनी गाडी चालवितो. तेथे वस्तीच्या भागात रात्री साडेअकरापासून सकाळी सातपर्यंत चालत्या गाडीचा हॉर्न वाजविण्यास मनाई आहे. मग उरतात ते डोळे. वळण्यापूर्वी आरसा तर पाहावयाचाच, शिवाय खांद्यावरून मान वळवून मागे पाहावयाचे. या नजरेला तेथील शिक्षक ‘लाइफसेव्हर’ म्हणतात, कारण आरशात न दिसणारा कोपरा तेवढ्यानेच दिसतो.

लंडनला वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात, हे त्याचे भाग्य. पॅरिस, बर्लिन किंवा न्यू यॉर्क येथे उजवीकडून चालतात. तेथे चूक गर्दीत सहसा होत नाही, कारण गर्दी आपणांस ओढून नेते. ती होते पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल भरून एकट्याने बाहेर पडताना. हात आपोआप जुन्या बाजूस वळतो.

मोठ्या शहरातील खरा घातक प्रसंग कोणता, याचा शोध हॅरी हर्ट यांनी अमेरिकेतील लॉस एंजेलिस भागात घेतला. सुमारे ९०० अपघातांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन केलेल्या पाहणीचा अहवाल १९८१ मध्ये निघाला. सुमारे तीन-चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झालेले होते, व त्यांपैकी दोन-तृतीयांशांत समोरच्या वाहनचालकाने स्वाराचा हक्काचा मार्ग अडविला होता. बहुधा मोटार समोरून येऊन स्वाराच्या आडवी वळलेली. चालक म्हणत, मला तो दिसलाच नाही. आणि ते पुष्कळदा खरे असे. मोटारीची सवय असलेला डोळा मोटारच शोधतो, अरुंद दुचाकी त्यातून निसटते. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही आपोआप पेटता राहतो, तो याचसाठी. दिवा चालू असताही, समोरच्याने आपणांस पाहिलेले नाही असेच धरून चालावे आणि चौकात बोटे ब्रेकवर ठेवावीत.

अवजड वाहनाची कथा तर येथे व तेथे एकच आहे. लांब ट्रक वा ट्रॉली वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती वळणाच्या आत सरकतात. आणि आतल्या बाजूस फट दिसली म्हणून शिरलेला स्वार चिरडला जातो. लंडनमध्ये १२ टनांवरील ट्रकांस चालकाला बाहेरचे किती दिसते हे पाहून परवाना देतात, आणि मार्च २०२१ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. माळेगाव कारखान्याकडे दोन ट्रॉल्या ओढीत जाणाऱ्या ट्रॅक्टरचालकास, वर रचलेल्या मोळ्यांमुळे, पाठीमागचे काय दिसत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

शिरस्त्राणाविषयी एक हकीकत. मे १९३५ मध्ये इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स, ज्यांस जग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखते, दोन सायकलस्वार मुलांस चुकविताना मोटारसायकलीवरून पडले व सहा दिवसांनी डोक्याच्या इजेने वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यवैद्य होते. त्या मृत्यूने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. लष्करी निरोपे स्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून त्यांनी १९४१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांस शिरस्त्राण सक्तीचे केले. सामान्य जनतेस ते सक्तीचे व्हावयास १९७३ साल उजाडले! आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही ती सक्ती आहे. पण आपल्या मुलखात शिरस्त्राण आरशास टांगून फिरविण्याची रीत आहे, आणि पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेले शिरस्त्राण पडताना स्वाराच्या आधी निघून जाते.

गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलांस मी मैदानावर नेले आणि विचारले, ताशी ४८ किलोमीटरने चाललेली दुचाकी किती अंतरात थांबेल? ज्याने त्याने आपल्या अंदाजाच्या जागी खडा ठेवावा. बहुतेक खडे सात-आठ पावलांवर पडले. मग फीत लावून २३ मीटरवर चुन्याची रेघ ओढली. एक मुलगा त्या रेघेपर्यंत चालत गेला, तेथून वळून आपल्या खड्याकडे पाहिले, आणि काही न बोलता तो खडा उचलून रेघेवर आणून ठेवला.