भुताचा बॉल आणि आपला अंदाज

सेकंड इयरला असताना इंटर-हॉस्टेल डबल्सच्या फायनलमध्ये मी आठ नंबरचा बॉल घालवला. पार्टनर होता फायनल इयरचा एक सीनियर, त्याची हॉस्टेलमधली ती शेवटची मॅच. काळा बॉल कोपऱ्याच्या पॉकेटपासून साधारण तीन फुटांवर, कट फार अवघड नाही. मी वाकलो, अँगल मोजला, उभा राहिलो, पुन्हा वाकलो. असं तीनदा झालं. मग घाबरत घाबरत हळूच मारला. बॉल पॉकेटच्या जबड्याला लागून तोंडाशीच थांबला आणि पुढच्या शॉटला मॅच गेली. सीनियर एवढंच म्हणाला, "चल, चहा घेऊ."

त्या चहाची चव अजून तोंडात आहे! म्हणून हा लेखप्रपंच.

मित्रांनो, नवीन खेळणाऱ्याची पहिली चूक ठरलेली असते. पॉकेटमधून बॉलच्या मध्यातून रेघ काढायची, ती बॉलच्या मागच्या बाजूला जिथे बाहेर पडते तो स्पर्शबिंदू धरायचा, आणि पांढऱ्या बॉलचं केंद्र थेट त्या बिंदूवर रोखायचं. ऐकायला बरोबर वाटतं, पण पांढऱ्या बॉलला जाडी आहे ना राव! त्याचा दुसराच भाग आधी लागतो आणि शॉट जाड बसतो.

यावरचा उपाय म्हणजे घोस्ट बॉल, आमच्या विंगच्या भाषेत भुताचा बॉल. ज्या क्षणी टक्कर होते त्या क्षणी पांढरा बॉल जिथे असायला हवा, तिथे एक न दिसणारा बॉल कल्पायचा. त्याचं केंद्र त्याच रेघेवर, मारायच्या बॉलच्या केंद्रापासून बरोबर एक व्यास मागे, म्हणजे ५७.१५ मिमीवर. नेम त्या केंद्रावर. थोडक्यात, स्पर्शबिंदू मध्यापासून जितका बाजूला दिसतो त्याच्या दुप्पट बाजूला रोखायचं. पांढऱ्याचं केंद्र समोरच्या बॉलच्या कडेवर रोखलं, म्हणजे अर्धा बॉल झाकला, की ३० अंशांचा कट मिळतो. पाऊण झाकला की साडेचौदा, पाव झाकला की साधारण साडेअठ्ठेचाळीस. साइन टेबल ज्यांना अजून आठवतंय त्यांनी पडताळून पाहावं.

कॅरमवाल्यांसाठी एक खास सूचना. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा असतो, स्ट्रायकरचा व्यास जास्तीत जास्त ४.१३ सेंमी आणि सोंगटीचा ३.१८. त्यामुळे स्ट्रायकरचं केंद्र सोंगटीच्या कडेवर रोखलं तर कट २६ अंशांच्या आसपास येतो, पूलमध्ये ३०. आमच्या विंगचे कॅरम चॅम्पियन पूल टेबलावर सुरुवातीला सगळे कट पातळ का मारायचे, याचा मी लावलेला अर्थ हा असा. त्यांना तो मान्य नाही, ते क्यूला दोष देतात.

आता खरी गंमत. घोस्ट बॉलचं केंद्र एक मिलिमीटर चुकलं तर काय होतं? जवळपास सरळ शॉटमध्ये बॉलची दिशा एक अंशाने बदलते. मीटरभर अंतरावर तो साडेसतरा मिमी बाजूला जातो. कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साडेअकरा सेंमीच्या आसपास, म्हणजे बॉलच्या दोन्ही बाजूंना तीनेक सेंमी मोकळे. बॉल जातो. तोच एक मिलिमीटर ६० अंशांच्या कटला चुकला तर दिशा दोन अंशांनी बिघडते, बॉल ३५ मिमी सरकतो, आणि गेलं! सहा फुटांवरून, न दिसणाऱ्या बॉलचा मध्य, तो पण मिलिमीटरमध्ये. कुठलं गणित पुरं पडणार इथे?

शिवाय ते गणितही अपुरंच. दोन बॉल टक्कर होताना एकमेकांवर घासतात. या घर्षणामुळे मारलेला बॉल पांढऱ्याच्या दिशेने थोडा ओढला जातो, शॉट जाड होतो. याला थ्रो म्हणतात. शॉट जितका हळू आणि बॉल जितके मळके, तितका थ्रो जास्त. (आपल्या कॉमन रूममधले बॉल शेवटचे कधी धुतले, हे रेक्टर सरांनाच विचारावं.) माझ्या त्या काळ्या बॉलचं उत्तर मला इथे सापडलं. अँगल बरोबर होता. भीतीने हळू मारला, तिथे वाट लागली. बिलियर्ड्सच्या बॉलचं घर्षण आणि फिरकी यांवर १८३५ साली अख्खं पुस्तक लिहिणारा माणूस म्हणजे आपल्या मेकॅनिक्सच्या पेपरातला कोरिऑलिस. त्याने निदान इथे तरी आपली केटी लावलेली नाही.

मग चांगले खेळाडू काय करतात? विचारलं तर सांगतात, "दिसतं तसं मारतो." मला आधी हा भाव खाणं वाटायचं. आता वाटतं, खरंच तसं आहे. हजारो शॉट्समधून थ्रो, मळ, टेबलाचा उतार सगळं डोळ्यात मुरलेलं असतं, त्याला आपण अंदाज म्हणतो. तो जन्मजात असतो असं मला काही पटत नाही. २००२ साली पूल-बिलियर्ड्सच्या खेळाडूंच्या नजरेवर एक अभ्यास छापून आला होता. मारण्याआधीची शेवटची स्थिर नजर कुशल खेळाडूंची जास्त वेळ टिकायची, आणि बॉल जाणाऱ्या शॉट्समध्ये आणखी जास्त.

म्हणून मी आता सगळा हिशेब उभं राहून करतो. बॉलच्या मागे उभा राहून रेघ बघतो, भूत बसवतो, हळू शॉट असेल तर केसभर पातळ धरतो, आणि त्याच रेघेत पाय टाकून खाली वाकतो. एकदा वाकल्यावर हिशेब बंद. नजर बॉलवर ठेवून एक सेकंद थांबायचं आणि मारायचं. खाली असताना शंका आली तर तिथल्या तिथे क्यू सरकवायचा नाही, उठायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. मात्र तीनदा उठावं लागलं, तर तो शॉट सोडून सरळ सेफ्टी खेळतो.

सीनियर पदवीदान समारंभाला येतोय. त्याला न सांगता काळा बॉल बरोब्बर त्याच जागी मांडून ठेवणार आहे. चहाचे पैसे या वेळी कोण देतं, बघू.