‘रद्द करा’ कोण कुणाला म्हणतं?

मावशी माझ्या मावसबहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलवर भरत होती. चुकून कुठंतरी बोट लागलं आणि पडद्यावर प्रश्न आला : ‘अर्ज रद्द करायचा आहे का?’ खाली दोन बटणं : ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. तिला रद्द करायचा नव्हता, म्हणून तिने ‘ठीक आहे’ दाबलं. सगळा अर्ज गेला. पुन्हा भरता भरता मुदत टळली. मी तिलाच बोललो. या सत्रात भाषाविज्ञान शिकताना कळलं की चूक तिची नव्हती, शब्दांची होती.

जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेली व्याख्यानं १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. बोलणं म्हणजे नुसतं सांगणं नव्हे, करणंही असतं, हा त्याचा मुद्दा. ‘मी वचन देतो’ म्हटलं की वचन दिलं जातं. बटणाचंही तसंच आहे. ते दाबणं म्हणजे आपण यंत्राशी बोललेलं वाक्य, आणि त्यासरशी कृती होऊन जाते.

पण बोलतं कोण? ‘पासवर्ड टाका’ हे यंत्र आपल्याला सांगतं. ‘जतन करा’ हे आपण यंत्राला सांगतो. रूप मात्र एकच, आदरार्थी आज्ञार्थ. आता यंत्राला अहो-जाहो कोण करतं? त्यामुळे ‘रद्द करा’ ही आपल्यालाच केलेली सूचना वाटते.

दुसरा धागा पॉल ग्राइसचा. १९७५ मध्ये छापलेल्या लेखात त्याने संवादाचे संकेत सांगितले : हवं तेवढंच, खरं, विषयाला धरून आणि स्पष्ट बोला. मावशीच्या पडद्यावर शेवटचा संकेत मोडला होता. प्रश्नातलं ‘रद्द’ अर्जाबद्दल, बटणावरचं ‘रद्द’ त्या प्रश्नाबद्दलच! आणि आपल्या बोलण्यात ‘ठीक आहे’चा अर्थ ‘असू दे, राहू दे’ असाही होतो.

उपाय साधा आहे. बटणावर होकार-नकार नको, कृतीच लिहावी : ‘अर्ज काढून टाका’ आणि ‘अर्ज ठेवा’. प्रश्न न वाचताही उत्तर कळतं.

तुम्हीही करून बघा. फोनमधली पाच मराठी बटणं वहीत लिहा. प्रत्येकापुढे बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि दाबल्यावर काय घडतं, ते नोंदवा. जिथे अडाल, तिथे बटणाची भाषा चुकली आहे.

मावशीला मी ती नवी दोन बटणं कागदावर काढून दाखवली. ती म्हणाली, “मग असंच का नाही लिहीत रे?”