प्लेटिंगवाल्यांसाठी पाण्याचे कानमंत्र

पोरांनो, भोसरीत प्लेटिंगचं दुकान घालताय, तर चकाकीआधी पाणी शिका. आपलं सांडपाणी शेवटी पवना-इंद्रायणीलाच मिळतं. एक खूणगाठ बांधा: पाणी जिथे तयार होतं तिथेच वेगळं धरायचं. एकदा मिसळलं की निस्तरणं अवघड.

सायनाइड आणि ॲसिडची गाठ कधीच पडू देऊ नका. दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि माणूस उभ्याचा आडवा होतो. पाइप, टाक्या, बादल्यासुद्धा वेगळ्या ठेवा. पाइपांना रंग द्या, म्हणजे रात्रपाळीचा नवखा पोरगाही चुकणार नाही.

सायनाइडच्या सांडपाण्याच्या टाकीत आधी कॉस्टिक, मग हायपो (सोडियम हायपोक्लोराइट). पीएच १०.५ च्या वर गेल्याशिवाय हायपोचा कॅन उघडायचा नाही. खालच्या पीएचला सायनोजेन क्लोराइड हा विषारी वायू निघतो.

क्रोमचं तंत्र उलटं. पिवळ्या पाण्यात नुसता चुना टाकून काही होत नाही, विषारी क्रोम विरघळलेलंच राहतं. ॲसिडने पीएच २ ते ३ वर आणा, मग मेटाबायसल्फाइट थोडं थोडं घाला. नाकाला झोंबतं, म्हणून एक्झॉस्ट चालू हवा. पिवळेपणा जाऊन पाणी हिरवं झालं, की चुन्याने पीएच साडेआठच्या आसपास न्या. हिरवट गाळ तळाला बसतो. पण नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. त्या विषारी क्रोमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. नमुना तपासूनच पाणी सोडा.

रॅक बाथमधून वर काढली की दहा-पंधरा सेकंद तिथेच धरा. ठिबकलेलं रसायन बाथमध्ये परत गेलं तर पैसा, गटारात गेलं तर विष. धुण्याच्या टाक्या ओळीने जोडा: ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडायचं आणि ते उलटं पहिल्या टाकीकडे यायला हवं. पाणीही वाचतं, ईटीपीवरचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवरचा, भारही.

गाळ भंगारवाल्याला द्यायचा नाही, कचरागाडीतही टाकायचा नाही. छपराखाली, पक्क्या फरशीवर, लेबल लावलेल्या पिंपात ठेवा. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार तो ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. रांजणगावच्या घातक कचरा केंद्रासारख्या अधिकृत ठिकाणीच पाठवा आणि कागद जपून ठेवा.

शेवटचं सांगतो. ईटीपीवर दुकानातला सगळ्यात कच्चा माणूस बसवू नका, सगळ्यात जाणता बसवा. बाथ बिघडला तर तोटा आपला होतो. ईटीपी चुकली तर खालच्या अंगाला पाणी भरणाऱ्यांना भोगावं लागतं.