ग्राफिक्स कार्ड : एक असावे की दोन?



गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वी नववीतील एक विद्यार्थी मधल्या सुटीत माझ्याकडे एक प्रश्न घेऊन आला. त्याच्या घरच्या संगणकात काही वर्षांपूर्वीचे एक ग्राफिक्स कार्ड आहे. मोटारशर्यतीचा खेळ खेळताना वळणावर चित्र अडखळते, अशी त्याची तक्रार होती. वडिलांनी दिवाळीनिमित्त काही रक्कम देण्याचे कबूल केले होते. तेवढ्यात तसलेच आणखी एक वापरलेले कार्ड घेऊन पहिल्याच्या शेजारी बसवावे, की आहे ते विकून एकच बलवान कार्ड घ्यावे? "एका कार्डाने चाळीस चित्रे निघतात, तर दोहोंनी ऐंशी निघतील ना, सर?" असे त्याने विचारले. त्रैराशिक त्याचे बिनचूक होते. परंतु हा विषय केवळ त्रैराशिकाचा नव्हे, हे मधल्या सुटीच्या दहा मिनिटांत त्याला पटवून देणे मला साधले नाही. म्हणून हा लेख.

पडद्यावर जे हलताना दिसते ती वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका असते. चित्रपटात दर सेकंदास २४ चित्रे असतात; संगणकाच्या खेळात ६० मिळाली तर खेळणारा सामान्यतः तृप्त असतो. म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्यास सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. येथेच पुष्कळांची फसगत होते. सेकंदाच्या अखेरीस ६० चित्रे भरली की ते समाधान पावतात. ती सारख्या अंतराने आली की नाही हे कोणी पाहत नाही. तबल्यावर त्रितालाच्या सोळा मात्रा आवर्तनात भरल्या, पण त्यांतील काही घाईने उरकल्या आणि काही रेंगाळल्या, तर मोजणारा वादकास उत्तीर्ण करील, ऐकणारा करणार नाही. डोळाही या बाबतीत कानासारखाच आहे.

आता दोन कार्डांच्या कल्पनेचा उगम पाहू. १९९८ मध्ये अमेरिकेतील थ्रीडीएफएक्स या कंपनीने 'वूडू टू' हे कार्ड बाजारात आणले. अशी दोन कार्डे आतून एका पट्टीने जोडली की पडद्यावरील एकाआड एक ओळी एकेक कार्ड रंगवीत असे. एकट्या कार्डाची मजल ८०० × ६०० ठिपक्यांपर्यंत होती, ती जोडीने १०२४ × ७६८ पर्यंत गेली. ही योजना फार सुबक होती. कारण एकाच चित्रावर दोघांचे हात एकाच वेळी चालत, आणि चित्र पुरे झाल्यावरच ते पडद्यावर येई. एकाच रांगोळीच्या ओळी दोन बहिणींनी वाटून घ्याव्यात, तसे ते होते.

पुढे खेळांतील चित्रकाम गुंतागुंतीचे झाले. एका ओळीवरील छाया किंवा प्रतिबिंब ठरविण्यास साऱ्या चित्राची माहिती लागू लागली. तेव्हा ओळी वाटून घेणे कठीण झाले. २००४ मध्ये एनव्हिडिया कंपनीने, आणि २००५ मध्ये एटीआय कंपनीने 'क्रॉसफायर' या नावाने, दोन कार्डांची कल्पना पुन्हा पुढे आणली. परंतु आता मुख्य रीत निराळी होती. पहिले चित्र पहिल्या कार्डाने काढावे, दुसरे दुसऱ्याने, तिसरे पुन्हा पहिल्याने.

ही रीत समजण्यास स्वयंपाकघरात डोकवावे. एका तव्याऐवजी दोन तवे मांडले, तर तासाभरात दुप्पट पोळ्या होतात, यात शंका नाही. परंतु दोन्ही तव्यांवर पोळ्या एकदमच टाकल्या, तर त्या एकदमच भाजून निघतात. जेवणाऱ्याच्या ताटात दोन पोळ्या लागोपाठ पडतात आणि मग त्याला हात आवरून बसावे लागते. शिवाय कोणतीही एक पोळी भाजण्यास लागणारा वेळ काडीमात्र कमी होत नाही. कार्डांचेही नेमके असेच. प्रोसेसर दोन्ही कार्डांना लागोपाठ काम सोपवितो, दोन चित्रे एकामागोमाग येतात, आणि नंतर खंड पडतो. कळ दाबल्यापासून तिचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंतचा विलंबही मुळाइतकाच राहतो.

समजा, दोन कार्डांची चित्रे ५ आणि २८ मिलिसेकंदांच्या अंतराने आलटून पालटून येतात. दोन चित्रांस ३३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदास सुमारे ६०. कागदावर ही संख्या शोभून दिसते. परंतु ५ मिलिसेकंदांनी आलेले चित्र आधीच्या चित्रालगतच असल्याने डोळ्याला त्याचा उपयोग थोडा. त्याच्या दृष्टीने गती ३० च्या आसपासच राहते. याउलट एकच कार्ड दर २२ मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदास सुमारे ४५ चित्रे समान अंतराने देत असेल, तर मोटार अधिक सहज धावताना दिसेल.

ही गोष्ट खेळणाऱ्यांना जाणवत होती. पण मोजमाप सरासरीचेच चाले. सप्टेंबर २०११ मध्ये स्कॉट वॉसन यांनी 'द टेक रिपोर्ट' येथे एक निबंध लिहून, सेकंदाच्या पोटात शिरून प्रत्येक चित्राचा वेळ मोजावा, असे प्रतिपादन केले. २०१३ मध्ये एनव्हिडियाने मोजणीचे एक साधन पुढे आणले. त्यात प्रत्येक चित्राच्या कडेला रंगीत पट्टी उमटे, आणि पडद्याकडे जाणारी सारी चित्रे टिपून कोणते चित्र खरोखर किती वेळ दिसले हे ताडून पाहता येई. क्रॉसफायरच्या जोडीत काही चित्रे पडद्यावर अवघ्या काही ओळींपुरतीच दिसत होती, तरी गणतीत ती पूर्ण धरली जात होती, असे आढळले! साधन प्रतिस्पर्ध्याने दिलेले, म्हणून वाचकाने थोडा संशय घ्यावा हे योग्यच. परंतु एएमडीने (एटीआय २००६ पासून तिच्याकडे आली होती) ऑगस्ट २०१३ मध्ये चित्रांतील अंतर सारखे करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली, यावरून दोष खरा होता हे उघड आहे.

दुसरी एक समजूत दूर केली पाहिजे. ४ जीबी स्मृतीची दोन कार्डे म्हणजे ८ जीबी होत नाहीत. दोन घरी अभ्यास करणाऱ्या दोन मुलांना जसे प्रत्येकी एक पाठ्यपुस्तक लागते, तसे त्याच खेळाचे सारे साहित्य प्रत्येक कार्डाला स्वतःजवळ ठेवावे लागते. त्यातच अलीकडचे खेळ कडा मऊ करण्यासाठी मागच्या चित्राचा आधार घेतात. आणि मागचे चित्र तर दुसऱ्या कार्डाकडे! विजेचा खर्च आणि उष्णता यांविषयी निराळे सांगावयास नको.

परिणामी ही जोडी हळूहळू अस्तंगत झाली. २०१६ च्या जीटीएक्स १०६० ला जोडणीची सोयच नव्हती. म्हणजे दोन स्वस्त कार्डे घेऊन पैसे वाचवू पाहणाऱ्याचाच मार्ग प्रथम बंद झाला. २०२० च्या आरटीएक्स ३००० मालिकेतील खेळाच्या कार्डांत केवळ ३०९० ला ती सोय राहिली, आणि १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने नव्या खेळांसाठी जोडणीची तजवीज करणे थांबविले. आज बहुतेक नव्या खेळांत दुसरे कार्ड नुसते बसून राहते. दोन कार्डांचा उपयोग मुळीच नाही असे मात्र नव्हे. ब्लेंडरसारख्या आज्ञावलीत चलच्चित्राची शेकडो चित्रे रात्रभर तयार करावयाची असतील, तर दोन कार्डे काम खरोखर वाटून घेतात. कारण तेथे पुढच्या क्षणाच्या चित्राची वाट पाहत कोणी बसलेले नसते.

त्या विद्यार्थ्यास मी प्रथम एक प्रयोग सांगितला. खेळातील चित्राचे ठिपके कमी करून पाहावे. अडखळणे थांबले, तर कार्ड दुबळे आहे. तसेच राहिले, तर दोष बहुधा प्रोसेसरचा किंवा अपुऱ्या स्मृतीचा असतो, आणि मग एक काय, चार कार्डेही व्यर्थ. दुसऱ्या दिवशी तो सांगत आला की अडखळणे थांबले. कार्डाचे नावही त्याने लिहून आणले होते. ते जीटीएक्स १०६० च निघाले. जोडीचा विचार तेथेच संपला. एकच बलवान कार्ड घ्यावयाचे ठरले. पण दुकानात जाण्यापूर्वी पॉवर सप्लायवरील वॅटचा आकडा वाचून ये आणि पेटीच्या आतील लांबी पट्टीने मोजून ये, असे मी त्याला बजावले. आकडा त्याने वहीत लिहून आणला. लांबी मोजण्याचे मात्र तो विसरला, आणि त्यासाठी त्याच्या वडिलांना दुकानाचा आणखी एक हेलपाटा पडला.