मागुराचे सोबती

शेततळ्यांत मासे पाळणारे आमचे शेतकरी बंधु बीज निवडतांना बहुधा भाव पाहतात. कोणता मासा कोणाशेजारीं नांदेल याचा विचार मागाहून होतो. मागुराच्या बाबतींत हा उशीर महाग पडतो.

मागूर हा तळाशीं राहणारा, रात्रीं चरणारा मासा. तोंडांत मावेल तें पिलूं तो गिळतो. म्हणून त्याच्या सोबतीस आम्ही कटला व रोहू सुचवितों. कटला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या. मृगळ व सायप्रिनस तळाचेच भागीदार असल्यानें खाद्यावरून स्पर्धा होते. मरळ तर स्वतःच शिकारी, त्यास वगळावें. कटला-रोहूचें बीज बोटाहून लांब झाल्यावरच मागुराचें लहान बीज तळ्यांत सोडावें.

दुसरी गोष्ट श्वासाची. मागूर हवेंतूनही प्राणवायु घेतो. कटला-रोहूंस तो पाण्यांतूनच मिळतो. यास्तव मागूर खुशाल आहे एवढ्यावरून पाणी चांगलें समजूं नये. पहाटे कटला-रोहू पृष्ठभागीं येऊन तोंडें वासूं लागले, कीं खाद्य थांबवून ताजें पाणी सोडावें.

शेवटीं, बीज देशी मागुराचेंच व खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावें. आफ्रिकन मागूर, ज्यास थाई मागूरही म्हणतात, झपाट्यानें वाढतो व इतर मासे फस्त करतो. त्याच्या पालनास भारतांत २००० सालापासून बंदी आहे. स्वस्त बीजाच्या लोभानें तो तळ्यांत आला आणि पुरांत ओढ्यास मिळाला, तर हानि एका शेतकऱ्याची राहत नाहीं, साऱ्या गांवची होते.