दारुहळद आणि जंतूंचा पंप

वनौषधींविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. कोणी म्हणतात, झाडपाल्यात सर्व काही आहे. कोणी म्हणतात, ते सारे अडाण्यांचे काम. आमच्या घरात मीच पहिली कॉलेजात आलेली, त्यामुळे पहिले मत घरी ऐकते नि दुसरे वसतिगृहात. खरे कोणते, हे निदान एका झुडपापुरते तपासावे असे मनात आले.

ते झुडूप दारुहळदीचे. हिमालयाच्या उतारांवर ते रानोमाळ वाढते. त्याचा काढा आटवून रसांजन करतात. दुखऱ्या डोळ्यांवर ते पूर्वापार वापरात आहे. मुळीचा पिवळा रंग बर्बेरीन या द्रव्याचा. त्याच्या कणावर धन विद्युतभार असतो आणि जंतूच्या पेशीची आतली बाजू ऋण असते. साहजिकच ते आत ओढले जाते व डीएनएला चिकटते. मग जंतू मरावयास हवा. पण गळवात पू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस सहजी मरत नाही! त्याच्या आवरणात नॉर-ए नावाचा प्रथिनाचा पंप असतो. होडीत शिरलेले पाणी उपसावे तसे तो बर्बेरीन बाहेर उपसतो.

खरी गंमत पुढेच आहे. २००० साली अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दारुहळदीच्या तिकडील भाऊबंद झुडपांत मिथॉक्सिहिड्नोकार्पिन नावाचे दुसरे द्रव्यही असते. ते एकटे जंतूंचे काही बिघडवत नाही. फक्त पंप बंद पाडते. दोन्ही एकत्र आली की जंतूंची वाढ थांबते. (या लांबलचक नावात आपल्या कोकणातले कडू कवठ, म्हणजे हिड्नोकार्पस, दडलेले आहे. सल्फोन औषधे येण्यापूर्वी कुष्ठरोगावर त्याचेच तेल देत.) म्हणजे एकच द्रव्य शुद्ध करून तपासणाऱ्यास झाडाचा गुण दिसेलच असे नाही.

याचा अर्थ गोळ्या सोडून काढा प्यावा असा मात्र मुळीच नव्हे. हे प्रयोग काचनळीतले. पोटात घेतलेले बर्बेरीन रक्तात फारच थोडे उतरते.

याच पंपाने नॉरफ्लॉक्सासिनही बाहेर फेकले जाते; पंपाचे नावच त्यावरून पडले. आमच्याकडे दुकानातून असल्या दोन गोळ्या सुट्या आणतात आणि बरे वाटताच थांबतात. चिवट जंतू तेवढे मागे उरतात. हे सांगितल्यावर आईने विचारले, "मग ती दोन्ही औषधं एकत्र का नाही देत गं?" पंप बंद पाडणारे औषध रुग्णांसाठी अद्याप मान्य झालेले नाही, जंतूंना पुरेल आणि माणसाला सोसेल अशी मात्रा साधणेच अवघड जाते.